ऑफिस, फॉन्ट आणि आजीची फाइल

बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळत होता. आज शनिवार मोकळा मिळालाय, चहा शेजारी आहे, तेव्हा लिहूनच टाकतो. जरा लांबण लागणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

तर झालं असं. दिवाळीत असोद्याला काकांकडे गेलो होतो. (असोदा म्हणजे जळगावपासून पाच-सहा किलोमीटरवरचं गाव. बहिणाबाई चौधरींचं माहेर म्हणून नाव ऐकलं असेल, नाहीतर भरताच्या वांग्यांमुळे.) काकांचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे. जुना कॉम्प्युटर अखेर बसला म्हणून त्यांनी नवा लॅपटॉप घेतला होता, आणि "घरात इंजिनिअर आहे" या न्यायाने तो माझ्यापुढे आणून ठेवला. त्यात ऑफिसची चाचणी आवृत्ती होती आणि ती उघडली की पैसे मागत होती.

"मले सांग, हे घेऊ का? दर सालाले पैसे द्या म्हंते. म्हंजे भाडंच झालं ना भो?"

माझं उत्तर तयार होतं. दुकानाचा हिशेब टॅलीत आहेच. पत्रं, कोटेशन, सोसायटीचे अर्ज यांसाठी लिबरऑफिस टाकून देतो, फुकट आहे, विषय संपला. पुण्यात बसून हे उत्तर मी दहा जणांना दिलंय. पण काका उठले आणि कपाटातून एक सीडी घेऊन आले. सीडीवर निळ्या स्केचपेनने लिहिलं होतं, "आईची गाणी, २००४".

माझ्या आजीला जात्यावरच्या ओव्या पाठ होत्या. किती, ते तिलाही ठाऊक नसावं. २००४च्या हिवाळ्यात काकांनी तिला रोज संध्याकाळी बसवून वहीत त्या उतरवून घेतल्या, मग वही जळगावला नेऊन एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतली. पुस्तिका छापायची होती, ती राहून गेली. वही पुढे एका पावसाळ्यात माळ्यावर भिजून लगदा झाली. आजी २००९ साली गेली. राहिली ती ही सीडी.

लॅपटॉपला सीडीची खाच नाही, तेव्हा शेजारच्या स्टुडिओवाल्याकडून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला. फाइल होती, कॉपीही झाली, उघडलीसुद्धा. आणि पडद्यावर काय? इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, डॉलर, पाउंडाचं चिन्ह, डोक्यावर टिंबं असलेले युरोपातले स्वर. सोळा पानं. ओव्यांच्या ओळी मात्र दोन-दोन, बरोबर मांडलेल्या. म्हणजे गाण्याचा आकार दिसतोय आणि गाणं नाही.

काका बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "सगयं गेलं का?"

आता याच गावाची दुसरी गोष्ट. बहिणाबाईंचा जन्म असोद्याचा, १८८०चा. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. काम करता करता त्या गाणी म्हणायच्या आणि त्यांचे चिरंजीव सोपानदेव, जे स्वतः कवी होते, ते आणि घरातली मंडळी ती कागदावर उतरवून ठेवायची. १९५१ साली बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक निघालं. यात तंत्रज्ञान म्हणाल तर कागद, शाई आणि बाळबोध लिपी. ती वही अत्र्यांना उघडायला कुठला फॉन्ट लागला नाही. पन्नास वर्षांनी काकांनी अगदी तेच काम त्याच गावात केलं, हातात पेंटियम असताना, आणि ते वीस वर्षंही टिकलं नाही. हे कसं काय झालं, हा प्रश्न मला त्या रात्री झोपू देईना.

आपण लोक "ऑफिस" म्हटलं की मायक्रोसॉफ्ट विरुद्ध बाकीचे अशी कुस्ती लावतो. तिचा इतिहास थोडक्यात असा. वर्डस्टार १९७८चं, व्हिजिकॅल्क १९७९चं. हार्वर्डला बिझनेस शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिनच्या डोक्यातून ते निघालं आणि बॉब फ्रँकस्टनने त्याचा प्रोग्रॅम लिहिला. १९८३ला लोटस १-२-३ आलं आणि त्याने व्हिजिकॅल्कला खाल्लं. मग एक्सेल आलं (१९८५, तेही आधी मॅकवर) आणि त्याने लोटसला खाल्लं. लोटसची विक्री २०१३ साली बंद झाली. पण त्याचं भूत अजून आहे. एक्सेलच्या एखाद्या चौकटीत ६० लिहा आणि तिला तारीख करा. २९ फेब्रुवारी १९०० दिसेल. १९०० हे लीप वर्ष नव्हतंच! लोटसने तसं धरलं होतं, आणि लोटसच्या फाइली जशाच्या तशा चालाव्यात म्हणून एक्सेलने ती चूक मुद्दाम ठेवली. दुसऱ्याच्या घरातली माणसं आपल्याकडे आणायची तर त्यांच्या खोडीही सांभाळाव्या लागतात.

दुसऱ्या बाजूला जर्मनीतल्या स्टारऑफिसला १९९९ साली सनने विकत घेतलं, २००० साली त्याचा सोर्स खुला केला, ते झालं ओपनऑफिस. सन ओरॅकलच्या पोटात गेल्यावर, म्हणजे २०१० साली, त्यातून लिबरऑफिस फुटून निघालं. मध्ये फाइल कुठल्या नमुन्यात ठेवायची यावरून मोठं रण झालं. ओडीएफ २००६ साली आयएसओचं मानक बनलं, मायक्रोसॉफ्टचा ओओएक्सएमएल २००८ साली. भारताने ओओएक्सएमएलच्या विरोधात मत दिलं होतं, तरी तो झालाच. असो.

हे सगळं खरं आहे, महत्त्वाचंही आहे. पण आजीच्या फाइलशी त्याचा काडीचा संबंध नाही. ती फाइल वर्डची होती आणि लिबरऑफिसने ती वीस वर्षांनंतर विनातक्रार उघडली. समास बरोबर, ठळक अक्षरं ठळक, पानाचे आकडे जागच्या जागी. पेटी शाबूत होती. आतलं धान्य भलतंच होतं.

कारण मराठीत निवड कधी वर्ड की ओपनऑफिस अशी नव्हतीच. खरी निवड एक मजला खाली होती, अक्षराच्या पातळीवर, आणि ती काकांनी केलीच नव्हती.

गंमत म्हणजे सुरुवात उत्तम झाली होती. आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्यांवर काम झालं, ते पुढे सी-डॅकमध्ये आलं. सी-डॅक म्हणजे आपल्या पुण्याचं, १९८८चं. त्यांचं जिस्ट कार्ड होतं. ते कॉम्प्युटरमध्ये बसवलं की डॉसवर देवनागरी दिसायची. त्यामागचा विचार फार सुरेख होता. फाइलमध्ये अक्षराचं चित्र साठवायचंच नाही, उच्चार साठवायचा. "क" म्हणजे एक आकडा, वेलांटी म्हणजे दुसरा. जोडाक्षर कसं दिसावं, वेलांटी आधी काढावी की नंतर, ते दाखवणाऱ्याने बघावं. आकड्यांच्या या कोष्टकाला इस्की म्हणतात, ते १९९१ साली भारतीय मानक झालं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यातला देवनागरीचा भाग इस्कीच्या १९८८च्या मसुद्यावरूनच घेतलेला. म्हणजे बरोबर उत्तर १९९१ सालीच दोन-दोन ठिकाणी लिहून ठेवलेलं होतं.

मग विंडोज आलं. त्या काळच्या विंडोजला देवनागरीचा गंध नव्हता. एका फॉन्टमध्ये जेमतेम २५६ घरं, आणि त्यातलीही बरीच आधीच गेलेली. इकडे लग्नपत्रिका, हँडबिलं, निवडणुकीची पत्रकं, दिवाळी अंक यांना थांबायला वेळ नव्हता. तेव्हा फॉन्टवाल्यांनी जुगाड काढला. इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी अक्षरांचे तुकडे नेऊन बसवले. एका घरात अर्धा "क", एका घरात काना, एका घरात रफार. कॉम्प्युटरला वाटतंय तो इंग्रजी लिहितोय, पडद्यावर दिसतंय मराठी. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचंच आयएसएम, असे बरेच जण या धंद्यात होते आणि प्रत्येकाची मांडणी वेगळी. एकाच्या घरात जिथे काना, तिथे दुसऱ्याच्या घरात अनुस्वार. बऱ्याच पॅकेजांबरोबर कॉम्प्युटरच्या मागे लावायचं हार्डवेअर लॉकही यायचं. ते काढलं की दुकान बंद.

मी या मंडळींना शिव्या देणार नाही. त्यांनी नसतं केलं तर दहा-पंधरा वर्षं मराठी छापलीच गेली नसती, आणि अक्षरं म्हणाल तर काही फॉन्ट आजही हेवा वाटावा इतके देखणे आहेत. शिवाय त्यांचं गिऱ्हाईक होतं छापणारं. फाइल ही त्याच्या लेखी निगेटिव्हसारखी, कागद निघाला की तिचं काम संपलं. डीटीपीवाला टायपिंग इन्स्टिट्यूटमधून आलेला असायचा, त्याची बोटं टाइपरायटरच्या कीबोर्डवर बसलेली, आणि तो कीबोर्ड या पॅकेजांत आयता मिळायचा. त्याने दुसरं काही का निवडावं?

पण या जुगाडाची कटकट काय व्हायची ते जरा ऐका. वर्डला वाटायचं, वाक्य इंग्रजीच आहे, मग तो पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल करायचा. कॅपिटलच्या घरात मराठीचं भलतंच अक्षर! म्हणून आधी ती सगळी ऑटोकरेक्टची खूणगाठ सोडवून ठेवावी लागायची. यादी अकारविल्हे लावावी तर ती इंग्रजीप्रमाणे लागायची. शोधा म्हटलं तर सापडायचं नाही. आणि फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल नेली की सोळा पानांची खिचडी.

विंडोज २००० आलं तेव्हा पहिल्यांदा युनिकोड देवनागरी आत आली, मंगल फॉन्टसकट. मंगल आपल्या र. कृ. जोशींनी केलेला. सुलेखनकार, कवी, आणि कॉम्प्युटरवर भारतीय अक्षर नीट दिसावं म्हणून आयुष्याची बरीच वर्षं खर्ची घातलेला माणूस. २००८ साली गेले. आता "क" म्हणजे २३२५, जगातल्या कुठल्याही मशीनवर. सरकारने २००५पासून भारतीय भाषांच्या फुकट सीडी काढल्या, त्यात फॉन्ट आणि आपल्या भाषेत मेनू असलेलं ओपनऑफिसही असायचं. थोडक्यात, काकांनी २००४ साली फाइल टाइप करून घेतली तेव्हा बरोबर रस्ता मोकळा होता. पण एक्सपीवर तो रस्ता उघडायला सेटिंगमध्ये जाऊन एक खूण करावी लागायची आणि विंडोजची सीडी घालावी लागायची. हे सांगणार कोण? डीटीपीवाल्याचं सगळं काम पेजमेकरवर, आणि पेजमेकरला युनिकोड मराठी शेवटपर्यंत जमलं नाही. इनडिझाइनला जमायला २०१२ उजाडलं.

आणि ऑफिसची निवड? एमकेसीएल २००१ साली सुरू झालं, पाठोपाठ एमएस-सीआयटी गावोगावी पोचलं. त्यात वर्ड-एक्सेल शिकवायचे, सरकारी नोकरीला ते सर्टिफिकेट लागायचं. घरोघरचे असेंबल केलेले पीसी यायचे त्यात ऑफिस "टाकून" यायचं. त्याची किंमत असते हेच पुष्कळांना ठाऊक नव्हतं. निवड करायला आधी दोन गोष्टी समोर दिसाव्या लागतात. असोद्यात एकच दिसत होती.

आता मला खरी टोचलेली गोष्ट सांगतो. त्याच कपाटात काकांच्या दुकानाचा हिशेबही होता, २००५ साली व्हॅट आला तेव्हापासूनचा. तो सगळाच्या सगळा आहे. टॅलीचा जन्मही दुकानदारीतलाच बरं का. बंगळूरच्या श्यामसुंदर गोएंकांना आपल्या धंद्याला हवं तसं हिशेबाचं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून मुलाने, भरतने, ते लिहिलं. १९८६ची गोष्ट. आवृत्त्या बदलल्या, २०१७ साली जीएसटी आला, पण जुना डेटा पुढच्या आवृत्तीत ओढून घेता आला. २००६ साली कुणी किती युरिया उधार नेला ते काका आजही दोन मिनिटांत सांगतात. का टिकला? कारण त्यांनी तो इंग्रजीत ठेवला होता. आकडे आणि इंग्रजी नावं. धंद्याची भाषा वाचली, घरची भाषा गेली. आम्ही मराठी माणसांनी आमच्याच हातांनी अशी वाटणी केली होती आणि ती करताना कुणाच्या लक्षातही आलं नाही.

तसं हे पहिल्यांदा होतंय असंही नाही. पणजोबांची कीर्द अजून घरात आहे, लाल कापडात बांधलेली. ती मोडीत आहे. गेल्या शतकाच्या मध्याला मोडी शाळेतून गेली आणि आमच्या घरात आज ती एकालाही वाचता येत नाही. पण पुण्यात मोडी वाचणारे शिकवणारे आहेत, आणि २०१४पासून मोडी युनिकोडमध्येही आहे. म्हणजे शंभर वर्षांची कीर्द मी प्रयत्न केला तर वाचू शकतो. वीस वर्षांची फाइल?

ती वाचायचं मी ठरवलं. फाइलमध्ये फॉन्टचं नाव लिहिलेलं होतं, पण फॉन्ट सीडीवर नव्हता. टाइप करणारं दुकान केव्हाच उठलं होतं, तिथे आता मोबाइलची कव्हरं विकतात. पुण्यात परत आल्यावर एका मित्राच्या जुन्या हार्ड डिस्कवर त्याच घराण्यातला फॉन्ट सापडला, पण पुढच्या आवृत्तीचा. बरीचशी अक्षरं जागच्या जागी, उरलेली हललेली. मग पायथनमध्ये कोष्टक लिहायला बसलो. कुठलं चिन्ह म्हणजे कुठला तुकडा.

सोपं वाटतं तितकं नाही ते. या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, कारण ती डोळ्यांना आधी दिसते. युनिकोडमध्ये ती नंतर येते, कारण उच्चार नंतर होतो. म्हणजे प्रत्येक वेलांटी उचलून पुढच्या अख्ख्या जोडाक्षरापलीकडे नेऊन ठेवायची. रफार उलटा, तो मागे आणायचा. काना वेगळा तुकडा, म्हणून "ग" म्हणजे अर्धा "ग" अधिक दांडा. पहिल्या दिवशी आलेलं मराठी वाचून बायको म्हणाली, हे मूळच्यापेक्षा भयंकर आहे.

स्पेलचेकचा तर उपयोग शून्य. आजीची भाषा लेवा पाटलांची, तिच्यात "ळ"चा "य" होतो. डोळा नाही, डोया. "मला" नाही, "मले". बरोबर आलेल्या ओवीखालीही लाल रेघांचा सडा. शेवटी उपाय सापडला तो काकांमुळे. रोज रात्री नऊला फोन. मी अंदाजाने ओवी वाचायची, काका ती गुणगुणून बघायचे. चुकीचं अक्षर असलं की ते चालीत अडखळायचे. "थांब थांब, असं नाही म्हनत व्हती ती." आणि मग ओळ आपोआप तोंडात यायची, वीस वर्षांनी. मी कोष्टकात एक घर भरायचो आणि त्या एका घराने सोळा पानांतली चाळीस-पन्नास अक्षरं एकदम जागी व्हायची. असं अकरा रात्री चाललं. एकशे सदतीस ओव्या.

काकांच्या लॅपटॉपवर मी लिबरऑफिसच टाकलं. त्यांना ते आवडलेलं नाही. बटणं सापडत नाहीत म्हणतात, आणि त्यांचं काही खोटं नाही. पुतण्या म्हणाला म्हणून वापरतात. ज्याला रोज सहकाऱ्यांबरोबर एक्सेलच्या मोठ्या फाइली फिरवायच्या आहेत, त्याने एक्सेलचं भाडं खुशाल भरावं, मीही कंपनीच्या पैशाने तेच वापरतो. पण कुणी विचारलं तर आता मी पहिल्यांदा ही यादी सांगत नाही. मी विचारतो, यातून बाहेर कसं पडणार? हे सॉफ्टवेअर, हा फॉन्ट, हे खातं उद्या नाहीसं झालं तर तुमचं लिहिलेलं दुसऱ्या कशात उघडून बघितलंय का? क्लाउडवाल्यांनाही हेच लागू. तिथेही "सगळं उतरवून घ्या" असं एक बटण कुठेतरी असतं. ते एकदा दाबून, आलेली फाइल उघडून बघा, आजच.

ओव्या आता साध्या युनिकोड मजकुरात आहेत, ओडीएफमध्ये आहेत, आणि जळगावला जाऊन चांगल्या कागदावर छापून काकांना पाच प्रती बांधून दिल्यात.

फक्त एक शब्द राहिलाय. अठ्ठ्याण्णवाव्या ओवीत एक चिन्ह आहे, ते अख्ख्या फाइलमध्ये एकदाच आलंय. त्यामुळे ताडून बघायला दुसरी जागा नाही. मी म्हणतो तिथे एक अक्षर असणार, काका म्हणतात दुसरं, आणि दोन्ही चालीत बसतात. शेवटी यावलच्या आत्याला फोन लावला, तिला ओवी म्हणायला सांगितली. तिने सबंध ओवी न अडखळता म्हटली आणि त्या जागी तिसराच शब्द होता.